टिपणीस सरांचा डेमो

टिपणीस सरांसमोर वाक्य अर्धवट सोडायचं नाही, हे पेणमध्ये एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. वडखळच्या नाक्यावरच्या त्या कंडक्टरला ते माहीत नव्हतं.

पेणहून रोह्याला निघालेली आमची एसटी वडखळला येऊन थांबली. कंडक्टर उभा राहून म्हणाला, "गाडी पुढं जानार नाय, कारण..." आणि तेवढ्यात खालून ड्रायव्हरने हाक मारली म्हणून तो उतरून गेला. प्रवासी पिशव्या उचलून मागून आलेल्या गाडीकडे धावले. मीही धावले. वळून बघते तर सर खिडकीशी शांत बसलेले. मी खालून हाका मारत होते. कंडक्टर परत वर चढला.

"काका, उतरा की. गाडी बंद हाय."

"तुम्ही 'कारण' म्हणालात."

"मग?"

"कारण आलं नाही."

"अवो, गाडी बंद हाय!"

"गाडी पुढे जाणार नाही, म्हणजे गाडी बंद आहे. हे तुम्ही आधीच सांगितलंत. अर्धं आलं. उरलेलं?"

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी तो ओरडला, "क्लचप्लेट गेली! बस झालं?"

"गाडी पुढे जाणार नाही, कारण क्लचप्लेट गेली," सरांनी वाक्य एकदा म्हणून पाहिलं, खूश झाले आणि उतरले. तोवर मागची गाडी निघून गेली होती. पुढची मिळेपर्यंत आम्ही धूळ खात उभे राहिलो. सरांना त्याचं काही नव्हतं.

"अर्धं आलं. उरलेलं?" हे सरांचं पालुपद. इंग्रजी व्याकरणातली उभयान्वयी अव्ययं, म्हणजे अ‍ॅन्ड, बट, बिकॉज, ऑलदो हे शब्द, त्यांच्या डोक्यात इतके भिनले होते की मराठी बोलतानाही त्यांचे कान तिकडेच असत. कोणी 'म्हणून' किंवा 'पण' म्हटलं की ते पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहत. बाजारातली भाजीवाली ते दिसले की वाक्यं नीट पुरी करून टाकी. त्यांचा न्हावी त्यांच्याशी एकेका शब्दात बोले. "बसा." "झालं." "या."

एकदा तर ते कुणाच्या घरी भेटायला गेले होते. त्या घरातले वडील वारले होते. मुलगा आलेल्यांना सांगत होता, "आजारी होते बरेच दिवस, पण..." असं म्हणून तो थांबला, जसं अशा वेळी कोणीही थांबतं. सर म्हणाले, "पण?" खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सर त्या मुलाकडेच बघत राहिले. मुलगा म्हणाला, "पण आम्ही डॉक्टरकडे उशिरा नेलं." आणि ढसाढसा रडला. त्या आळीत त्यानंतर सरांना कोणी बोलावलं नाही. मी त्यांना म्हटलं, "सर, तिथे तरी सोडून द्यायचं." ते म्हणाले, "त्याला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. बाकीचे ऐकायला तयार नव्हते."

अशा माणसाला मित्र किती असणार? एक होता. त्याचा गणपतींचा कारखाना होता, आणि त्या कारखान्याच्या माळ्यावर सर रविवारी आमचा वर्ग घ्यायचे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती बारावीला इंग्रजीत नापास होऊन. आमचं गाव धरमतरच्या खाडीकडचं. आजोबा मिठागरावर होते, बाबा डोलवीच्या पोलाद कंपनीत, पण ठेकेदाराकडे कामाला. घरात काय, आमच्या आख्ख्या आळीत कोणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. माळ्यावर चारी बाजूंना बिनरंगाचे पांढरे गणपती आणि मध्ये आम्ही आठ-दहा मुलं, कोपरं अंगाशी धरून बसलेली. गणपतीला धक्का लागला तर तो मित्र खालून ओरडायचा, "मास्तर, नाक गेलं तर भरून द्यावं लागंल हा!"

सरांनी मला पहिल्या दिवशी एक वाक्य करायला सांगितलं. 'ऑलदो' वापरून. मी लिहिलं, 'ऑलदो माय फादर वर्क्स इन कंपनी, बट ही इज नॉट इन कंपनी.'

सरांनी ते वाचलं. "मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतो. त्यांना एकमेकांशिवाय करमत नाही. इंग्रजीत तसं नाही. तू 'ऑलदो'ही आणलास आणि 'बट'ही. दोघांपैकी एकाला घरी पाठव." मुलं हसली. सरांनी पुन्हा वाचलं. मग हसायचं थांबवायला हात वर केला. "अर्थ मात्र बरोबर आहे," म्हणाले. "'बट' काढ. बाकी काही बदलू नको."

ते असं का म्हणाले ते मला फार नंतर कळलं. सर स्वतः रोह्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पण ते कॉलेजचे नव्हते. तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरते तुम्ही शिक्षक. मार्चअखेर तुम्हाला मोकळं करतात. जूनमध्ये त्याच जागेसाठी, त्याच कॉलेजात, त्याच लोकांसमोर तुम्ही पुन्हा मुलाखतीला बसता. कोणी कोणाला ओळखत नसल्यासारखं सगळं चालतं. संस्थेचे अध्यक्ष विचारतात, "नाव?" सर नाव सांगतात. "अनुभव?" "इथलाच," सर म्हणतात.

मग डेमो. म्हणजे दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. जूनच्या सुरुवातीला कॉलेजात मुलं नसतात, म्हणून बाकांवर बसायला ऑफिसातले एकदोघे, कॅन्टीनच्या मावशी आणि शिपाई मोरेश्वरमामा यांना गोळा करून आणतात. हे विद्यार्थी. समोर खुर्च्यांवर अध्यक्ष, प्राचार्य आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ.

सरांचा डेमो दरवर्षी एकच. पिशवीतून ते जुन्या नॅपकिनात गुंडाळलेला गणपतीचा हात काढायचे. सुटा, बिनरंगाचा, कोपरापासूनचा. पेणच्या कारखान्यात हात वेगळ्या साच्यात काढतात आणि मग धडाला जोडतात. सर विचारायचे, "धड एकटं बसेल का पाटावर?" बसेल. "हा हात एकटा पूजेला कोणी नेईल का?" नाही. "मग धड म्हणजे मुख्य वाक्य आणि हात म्हणजे गौण वाक्य, सबॉर्डिनेट. 'बिकॉज', 'ऑलदो', 'इफ' यांनी सुरू झालेलं वाक्य नुसतं हातात धरून फिरू नका. ते कुणाला तरी जोडा. आणि दोन अख्खे गणपती एका पाटावर शेजारी ठेवले, तर ते 'अ‍ॅन्ड'." इतकी वर्षं ऐकून मोरेश्वरमामांना सगळं पाठ झालं होतं. सर प्रश्न विचारायच्या आधीच ते पहिल्या बाकावरून "सबॉर्डिनेट!" असं ओरडायचे. सर त्यांना हळूच म्हणायचे, "मामा, प्रश्न येऊ द्या."

या डेमोवरच सरांची जागा टिकून होती. कारण प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा ते पास नव्हते. एकदाच बसले होते. त्या पेपरात एका प्रश्नात दोन वाक्यं चुकीची जोडलेली होती, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उत्तर लिहायच्या ऐवजी पर्यवेक्षकाला बोलावलं. तो म्हणाला, "खाली बसा." सर म्हणाले, "आधी हा प्रश्न पायांवर उभा करा, मग मी बसतो." वेळ संपला. पुन्हा ते त्या परीक्षेच्या वाटेला गेले नाहीत. कागदावर त्यांच्यापेक्षा बरे उमेदवार दरवर्षी यायचे; सर डेमो द्यायचे आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणायचे, यांनाच ठेवा.

मी त्या माळ्यावरून बारावी सुटले, बीए झाले, एमए झाले, सेट झाले. प्रत्येक निकाल मी आधी बाबांना सांगितला आणि मग सरांना. सर म्हणाले, "आता अर्ज कर. आमच्याकडे इंग्रजीला दोन जागा असतात. एकीवर मी आहे, एकीवर तू ये."

मुलाखतीच्या दिवशी बाबा शिफ्ट बुडवून माझ्याबरोबर रोह्याला आले. ठेकेदाराने दिलेला निळा शर्ट घालूनच आले, कारण त्यांच्याकडचा तो सर्वांत चांगला शर्ट होता. सूचनाफलकावर यादी लागली होती. इंग्रजी, जागा एक. मुलं कमी झाली, म्हणून तास कमी केले होते. मी सरांकडे पाहिलं. सर यादीतलं एक चुकीचं स्पेलिंग नखाने खरवडत होते.

"सर, एकच आहे."

"वाचता येतं मला," ते म्हणाले, आणि खाली जाऊन बाबांशेजारी कट्ट्यावर बसले.

मी कवितेचा डेमो तयार केला होता. पंधरा दिवस आरशासमोर केला होता. माझा नंबर यायच्या जरासा आधी मोरेश्वरमामा बाहेर आले. "मॅडम, सायेब बोल्लेत, कविता-बिविता नको. ग्रामर घ्या. गेल्या टायमाला कवितेत डोळा लागला त्यांचा."

व्याकरण मी मुलांना शिकवलेलं नव्हतं. मी ते शिकले होते. काय घेऊ, कुठून सुरू करू, काही सुचेना. सर जिना चढून वर आले. मामांनी त्यांनाही तेच सांगितलं. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि नॅपकिनाची गुंडाळी माझ्यासमोर धरली.

"धर."

"सर, हा तुमचा आहे."

"माझा कसला? गणपतीचा आहे."

"मग तुम्ही काय घेणार?"

"आर्टिकल्स घेईन. मला काय, पोतंभर विषय येतात. तुझे बाबा खाली सकाळपासून पाणीही प्यायले नाहीत. जा. आणि 'ऑलदो'शी घाई करू नको, तिथे तू नेहमी घाई करतेस."

मामांनी माझं नाव पुकारलं. मी हात घेऊन आत गेले.

मी तो डेमो दिला. सर जसा देतात तसाच दिला, कारण दुसरा कसा देतात ते मला ठाऊक नव्हतं. मी "हा हात एकटा..." एवढं म्हटलं आणि मोरेश्वरमामा "सबॉर्डिनेट" म्हणाले, पण या वेळी ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, आणि दाराकडे बघायला लागले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई नव्या होत्या. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. डेमो संपल्यावर म्हणाल्या, "फारच सुंदर. मातीतलं उदाहरण."

अध्यक्षांनी मोबाइल खाली ठेवला. "याला म्हणतात शिकवणं," ते प्राचार्यांना म्हणाले. "नवीन पिढी ती नवीन पिढी. नाहीतर आमचे टिपणीस. वर्षानुवर्षं तेच आणि तेच."

मी म्हटलं, "सर, हा धडा टिपणीस सरांचाच आहे. त्यांनीच मला दिला."

अध्यक्ष हसले. तज्ज्ञ बाईंकडे वळून म्हणाले, "बघा. गुरूंचं नाव घेते. संस्कार आहेत मुलीवर."

मी पुन्हा सांगितलं. हा हातसुद्धा त्यांचा आहे, म्हणाले. "हो हो, कळलं," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा कोण?" जो माणूस हा धडा दरवर्षी समोर बसून ऐकत होता, त्याने तो आज पहिल्यांदा ऐकला होता. त्याच्या 'वर्षानुवर्षं तेच'चा राग मला अजून येतो, आणि त्याच माणसाच्या सहीवर माझे तास चालतात.

सर आत गेले. दार पूर्ण लागलेलं नव्हतं. अध्यक्षांचा आवाज आला, "हं टिपणीस, काय, आज तुमचे हातपाय कुठायत?" हसणं ऐकू आलं. सर म्हणाले, "आज आर्टिकल्स." मग खडूचा आवाज. मग काहीच नाही. दहा मिनिटांच्या पुष्कळ आधी सर बाहेर आले. मामा नंतर मला म्हणाले, "फळ्यावर 'अ' लिवला, 'द' लिवला. मंग फळ्याकडंच बघत र्‍हायले. आनि बोल्ले, एवढंच. येवढ्या वर्सात सरांना असं नाय बघितलं मी."

दुपारी नाव लागलं. माझं. बाबा कट्ट्यावरून उठले आणि सरळ सरांसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले.

"सर, तुमच्यामुलं झाला पोरीचा. तुमचा पन झाला ना?"

"झालं ना," सर म्हणाले. "माझंही झालं. जेवला नाहीत ना अजून? चला."

परतीच्या गाडीत बाबांना झोप लागली. सर माझ्यावर चिडले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "फळ्याकडे तोंड करून बोललीस. दोनदा. मुलांना काय ऐकू येणार?"

"तुम्ही दारातून ऐकत होतात?"

"तूच मोठ्याने बोलत होतीस," सर म्हणाले, आणि नागोठणं येईपर्यंत बाहेर बघत बसले.

त्यानंतर सर मोकळे झाले, असं लोक म्हणतात. माळ्यावरचा वर्गही बंद झाला. कारखान्याला आता बाराही महिने ऑर्डरी असतात, माळ्यावर माणसाला बसायला जागा नाही. आणि मुलं इंग्रजी मोबाइलवर शिकतात. सरांच्या घरी दुसरं कोणी नाही. आई होती तोवर ती त्यांच्याशी बोलायची, तीही वाक्यं पुरी करून.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी पेणच्या स्टँडवर गेले तर सर रांगेत उभे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. "रोह्याला काम आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही काम होतं. मग रोजच असायला लागलं. गाडीत ते माझ्याकडून आदल्या दिवशीचा तास सगळा ऐकून घ्यायचे. कोणी काय विचारलं, कोण कुठे अडलं. कॉलेजच्या फाटकातून ते माझ्याबरोबर आत यायचे आणि घंटेखालच्या मामांच्या खोलीत स्टुलावर बसायचे. दुपारच्या गाडीने परत. प्राचार्यांनी त्यांना कधी हटकलं नाही आणि कधी चहालाही बोलावलं नाही. येताजाता काही प्राध्यापक विचारायचे, "काय टिपणीस, सवय जात नाही का?" सर म्हणायचे, "नाही जात." मी एकदा म्हटलं, "सर, कशाला येता? लोक हसतात." त्यावर ते म्हणाले, "हसू देत. पेणला कोणी हसतसुद्धा नाही."

दिवाळीच्या सुट्टीत कॉमर्सची एक जागा भरायची निघाली. मी पेपर तपासायला गेले होते, सरही नेहमीसारखे बरोबर आले होते. पुन्हा तेच. मुलं नाहीत, बाक रिकामे. मामा सगळीकडे फिरून माणसं गोळा करत होते. मला घेतलं, मावशींना घेतलं. मग स्वतःच्या खोलीच्या दारात थांबले आणि म्हणाले, "सर, येता का? बाक भरायचेत."

सर उठले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

उमेदवार कोलाडकडचा होता. चोवीस-पंचवीसचा असेल, बूट नवे, ते चावत असावेत. बाहेर त्याची आई पिशवी घेऊन बसली होती. तो घसारा शिकवत होता. यंत्राची किंमत दरवर्षी कशी उतरते, ते फळ्यावर मांडत होता. दुसऱ्याच ओळीत त्याची वजाबाकी चुकली. त्याला कळलं नाही. तो पुढे जात राहिला आणि चूक खालच्या प्रत्येक ओळीत उतरत गेली. तज्ज्ञांनी भुवई उचलून कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. अध्यक्ष मोबाइलमध्ये होते.

सरांनी हात वर केला.

मला सर माहीत होते. आता ते उभे राहणार, चूक दाखवणार, आणि त्या मुलाचं जे व्हायचं ते होणार.

"सर," टिपणीस सर उभे राहून त्या पोराला म्हणाले, "मला नाही समजलं. दुसऱ्या ओळीपासून पुन्हा सांगता का?"

अध्यक्षांनी मान वर केली. "टिपणीस, तुमचा घसारा आम्ही जूनमध्येच काढला. आता आणखी काय समजून घ्यायचंय?"

सगळे हसले. प्राचार्यही हसले. मुलगा गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा सरांकडे बघायला लागला.

"कच्चा आहे मी, साहेब," सर म्हणाले. ते खाली बसले नाहीत. "सांगा सर तुम्ही. दुसरी ओळ."

मुलाने वळून फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डस्टर उचललं, दुसऱ्या ओळीपासून खालचं सगळं पुसलं आणि पुन्हा मांडायला लागला. या वेळी बरोबर. तज्ज्ञांनी लिहायचं थांबवलं.

शेवटी त्याने बाकांकडे तोंड करून विचारलं, "समजलं?"

मावशी पदराने वारा घेत होत्या. ऑफिसातल्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. मी अजून फळ्यावरची दुसरी ओळच बघत होते.

"समजलं, सर," पहिल्या बाकावरून आवाज आला.